सुळक्याआधीचा कातळ

नाशिकमध्ये प्रस्तरारोहण शिकू पाहणाऱ्याला पहिला दोर कुठल्या कातळावर लावून द्यावा? वरवर पाहता हा प्रश्न पडूच नये. या जिल्ह्यात साठच्या आसपास किल्ले आहेत. सातमाळा, त्र्यंबक, सेलबारी-डोलबारी अशा डोंगररांगा आहेत, साल्हेरसारखा १,५६७ मीटर उंचीचा गड आहे. अशा मुलखात कातळाला काय तोटा? तरीही नव्याने या खेळात आलेल्या मुलामुलींशी बोलले की बहुतेकांचा प्रवास एकाच वाटेने झालेला आढळतो. आधी मोबाइलवर हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या पाहिल्या, मग कुठल्याशा ग्रुपबरोबर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले केले. मदनच्या वाटेवर पहिल्यांदा कमरेला हार्नेस लागला आणि त्यानंतर थेट सुळका. कातळावर पाऊल कसे टाकायचे, हे मधल्या काळात कुणी शिकवलेच नाही. वरून दोर ताणला गेला, खालून कुणी धीर दिला, माथ्यावर फोटो निघाला.

माझे म्हणणे असे की नाशिकच्या प्रस्तरारोहणातली खरी उणीव सुळक्यांच्या आधीच्या टप्प्यात आहे. दोन-तीन पुरुष उंचीपासून पंधरा मीटरपर्यंतचे, अंगावर न येणारे, गर्दीपासून दूर असलेले तिरके कातळ ही या खेळाची शाळा असते. गिर्यारोहक ज्याला स्लॅब म्हणतात, तो हाच तिरका उघडा कातळ. तो आपल्याकडे कमी आहे, पण नाही असे नाही. आपण तो शोधला नाही आणि सापडला तेव्हा त्याला मोल दिले नाही. असा कातळ कमी का, तो काय शिकवतो, कुठे मिळू शकतो, इतरांनी त्याचे काय केले आणि आपण काय करावे, याचा हा आढावा.

आपला दगड असा का?

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत जाऊन तयार झाला. थर जवळजवळ आडवे आहेत आणि सगळे सारख्या ताकदीचे नाहीत. घट्ट, भरीव थर झिजताना उभा तुटतो. थंड होताना त्यात पडलेल्या उभ्या भेगा त्याला सरळ कापून काढतात आणि कडा तयार होतो. त्याच्या खालचा-वरचा सच्छिद्र थर किंवा दोन थरांमधली तांबडी माती मात्र लवकर झिजते. तिथे गवताचा उतार आणि घसारा तयार होतो. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: उभा कडा, गवताळ पट्टी, पुन्हा उभा कडा. ब्रह्मगिरीकडे त्र्यंबकमधून पाहिले तरी हे थर मोजता येतात.

नवशिक्याला हवा असतो पन्नास-साठ अंशांचा स्वच्छ कातळ. नेमका तोच या रचनेत दुर्मीळ. एकतर नव्वद अंशांचा कडा मिळतो, नाहीतर पायाखालून सरकणारा मुरूम.

दक्षिणेत चित्र उलटे आहे. बंगळुरूजवळच्या रामनगरचा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. वरचा भार झिजून हलका झाला की ग्रॅनाइटचे जाड पत्रे गोलाईने सुटतात आणि घुमटासारखे मोठे तिरके पृष्ठभाग उघडे पडतात. त्यातले खडबडीत स्फटिक बुटाच्या रबराला धरतात. सावनदुर्ग, मधुगिरी, रामनगर इथे बंगळुरूच्या पोरांच्या पिढ्या तिरक्या कातळावरच वाढल्या. त्यांचे पाय आपल्यापेक्षा शहाणे असतात, हे हंपीत त्यांच्याबरोबर चढणाऱ्या कुठल्याही मराठी गिर्यारोहकाला लगेच जाणवते.

बेसॉल्टचे कण बारीक. जिथे पाण्याने घासला तिथे तो गुळगुळीत होतो. जिथे उन्हापावसाने कुजला तिथे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटतात आणि धरलेला होल्ड हातात येतो. पण या दगडाची एक देणगीही आहे. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे जिथे अडकले, तिथे खळगे राहिले. काही खळग्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. भोवतीचा दगड झिजला की हे स्फटिक गाठींसारखे वर येतात आणि ते निखळले की बोटाचे एखादे पेर मावेल एवढी वाटी उरते. सच्छिद्र बेसॉल्टचा एखादा तिरका तुकडा नीट मिळाला तर त्याच्यावर पाऊल टाकायला शेकडो जागा असतात. फक्त त्या पाहायला डोळा तयार व्हावा लागतो.

पायऱ्यांपासून सुळक्यांपर्यंत

नाशिकच्या माणसाचे कातळाशी नाते दोन हजार वर्षांचे आहे. पांडवलेण्यांतली चोवीस लेणी कोरणाऱ्या पाथरवटांनी थर ओळखूनच जागा निवडली. पुढे गडकऱ्यांनी कड्यांवर वाटा काढल्या. हरिहरची पायऱ्यांची वाट सुमारे ऐंशी अंशांत चढते आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हातासाठी खोबणी कोरली आहे. पाय कुठे ठेवायचा आणि हात कुठे धरायचा, हे दोन्ही त्या कारागिरांनी चढणाऱ्यासाठी ठरवून टाकले. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर या भागातले किल्ले भराभर इंग्रजांच्या हाती गेले आणि कॅप्टन ब्रिग्जच्या देखरेखीखाली अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या गेल्या. हरिहर वाचला. जिथे पायऱ्या फुटल्या, तिथे आज दोर लावावा लागतो. महाराष्ट्रातल्या पुष्कळ ट्रेकरची प्रस्तरारोहणाशी पहिली ओळख अशी एका तुटलेल्या जिन्यामुळे होते.

आधुनिक प्रस्तरारोहण मुंबई-पुण्याच्या संस्थांनी रुजवले. मुंबईची गिरिविहार १९५४ सालची. मुंब्रा, कान्हेरी, बेलापूर इथल्या खडकांवर तिच्या आणि इतर संस्थांच्या चढाईपटूंनी सराव केला. १९८० च्या दशकात सह्याद्रीतले कडे आणि सुळके एकामागून एक सर होऊ लागले आणि कोकणकडा, लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी, ड्यूक्स नोज ही नावे घराघरांतल्या पोरांच्या तोंडी झाली. नाशिकच्या वाट्यालाही या काळातली एक मोठी घटना आली. एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून १९७५ मध्ये माथा गाठणारे डग स्कॉट नोव्हेंबर १९८६ मध्ये हरिहरला आले आणि गडाचा सुमारे १७० मीटरचा उभा कडा चढले. तो आज ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. वैनतेय गिरिभ्रमण व गिर्यारोहण संस्थेसारख्या नाशिकच्या संस्थांनी डोंगरभटकंती आणि चढाई या दोन्हींची गोडी इथे लावली.

या सगळ्या इतिहासात मान मिळाला तो माथ्याला. सुळका ‘सर’ झाला की बातमी होते आणि भगवा फडकतो. त्या सुळक्यावर चढणाऱ्याने ज्या बुटक्या दगडावर शंभरदा घसरून पाय पक्का केला, त्या दगडाला कुणी नाव देत नाही. त्या पिढीने सराव भरपूर केला, पण त्या सरावाची जागा, पद्धत आणि क्रम लिहून ठेवला नाही. त्यामुळे पुढच्यांच्या हाती सुळक्यांची यादी लागली आणि शाळा हरवली.

तिरका कातळ काय शिकवतो

उभ्या कड्यावर नवशिका हाताने ओढतो. दहा मिनिटांत मनगट भरून येते, बोटे उघडत नाहीत, आणि ‘माझ्यात ताकदच नाही’ असा निष्कर्ष काढून तो खाली येतो. तिरक्या कातळावर हाताला धरायला फारसे काही नसतेच. म्हणून पायांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि तेच शिकायचे असते.

पहिल्या पाच मिनिटांत काय होते ते जवळून पाहा. मुलगी दोन मीटर चढते आणि थांबते. भीतीने तिची छाती कातळाला चिकटते, हात डोक्याच्या वर काहीतरी चाचपडत राहतात, टाचा उचलल्या जातात. एक पोटरी शिलाई मशीनच्या सुईगत थडथडू लागते. आता तिचे काही वजन हातांवर आणि छातीवर गेले आहे. पायांचा कातळावरचा दाब घटला, खाली ओढणारा जोर मात्र तसाच आहे. बूट सरकतो. खालून प्रशिक्षक सांगतो, “टाच खाली. कंबर मागे घे, कातळापासून सोडव. पायाकडे बघ.” ती कंबर मागे घेते, सरळ उभी राहते. टाच खाली गेल्यावर बुटाचा पुढचा सगळा तळ दगडावर बसतो. थडथड थांबते. ज्या जागी ती पडणार होती, त्याच जागी ती आता हात सोडून उभी आहे.

यामागचे गणित शाळेतलेच आहे. ४५ अंशांच्या उतारावर हात न लावता उभे राहायचे तर रबर आणि दगड यांच्यातला घर्षणांक किमान १ लागतो. ६० अंशांवर तो १.७ च्या पुढे जातो आणि निव्वळ घर्षणावर तेवढी पकड मिळणे कठीण. मग माणूस चढतो कसा? कारण साठ अंशांचा कातळ सगळीकडे साठ अंशांचा नसतो. त्यात तळहाताएवढा एखादा भाग चाळीस अंशांचा असतो, एखादी वाटी असते, झिओलाइटची गाठ असते. त्या जागा हेरून पाऊल तिथेच टाकणे म्हणजे स्लॅबवरची चढाई. चढण्याआधी खाली उभे राहून दहा पावले डोळ्यांनी चढायची सवय इथे लागते. लहान पावले टाकायची, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण न्यायचे, मगच मागचा पाय उचलायचा. पाऊल टाकल्यावर ते हलवायचे नाही.

या कातळावर दंडाच्या ताकदीचे फारसे चालत नाही. म्हणून बारा वर्षांची मुलगी, पन्नाशीतला बँक कर्मचारी आणि जिममध्ये घडलेला तरुण एकाच रांगेत उभे राहतात, आणि पुष्कळदा तरुण सर्वांत आधी घसरतो. ज्यांना ‘हे आपल्यासाठी नाही’ असे वाटत आले, त्यांना हा खेळ इथे खुला होतो. माझ्या मते तिरक्या कातळाचे सगळ्यात मोठे मोल हेच आहे.

नाशिकमध्ये असा कातळ कुठे?

पहिली जागा ओढ्यांची. पावसाळ्यात धबधब्याने धुतलेली, नोव्हेंबरनंतर कोरडी पडणारी कातळाची उतरण त्र्यंबक आणि इगतपुरी भागात जागोजागी आहे. दगड स्वच्छ आणि भक्कम असतो, कारण सुटे होते ते पाण्याने आधीच नेले. पण तो घासून गुळगुळीतही झालेला असतो. पाण्याची मुख्य धार जिथून जाते तो पट्टा सोडून बाजूचा खडबडीत भाग निवडावा लागतो.

दुसरी जागा सोंडांची. डोंगराची धार उतरताना भरीव थराची कड जिथे गोलाईने झिजली, तिथे काही मीटरचा उघडा तिरका टप्पा मिळतो. ट्रेकर त्याला ‘रॉक पॅच’ म्हणून घाईने ओलांडतात. असे कितीतरी पॅच नवशिक्यांसाठी एका दिवसाचा पूर्ण वर्ग होऊ शकतात.

तिसरी जागा कड्यांच्या पायथ्याची. कोसळून शेकडो वर्षे स्थिरावलेल्या मोठ्या धोंड्यांची एक बाजू बहुधा तिरकी असते. चार-पाच मीटर उंचीवर दोराशिवाय, खाली क्रॅश पॅड टाकून, पायांचा सगळा अभ्यास होतो.

चौथी जागा वादाची आहे: बंद पडलेल्या दगडखाणी. नाशिकभोवतीच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या आहेत. सारूळच्या खाणी आणि २०२१ मधले ब्रह्मगिरीच्या उत्खननाविरुद्धचे आंदोलन नाशिककरांच्या लक्षात आहे. खाणीचा कातळ सुरुंगाने हादरलेला असतो, म्हणून तो जाणत्यांनी तपासल्याशिवाय वापरू नये. पण जे ओरबाडून झाले, तिथे निदान एक भिंत मुलांच्या सरावासाठी सुरक्षित करता येईल का, हा विचार करण्याजोगा आहे. वेल्समधली डिनॉर्विक पाटीदगडाची खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि १९८० च्या दशकात तिथल्या गुळगुळीत तिरक्या भिंती ब्रिटनमधल्या सर्वांत नाजूक चढाईचे केंद्र झाल्या.

कुठे चढू नये, हेही तितकेच स्पष्ट हवे. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा पुरातत्त्व कायदा तिथल्या कातळाला हात लावू देत नाही आणि देऊही नये. गडांच्या कोरीव पायऱ्यांशेजारचा कातळ मोहात पाडतो, कारण वाट कोरणाऱ्यांनी चढायला सोपी बाजूच निवडली होती. पण तिथे मेख ठोकणे म्हणजे वारशावर घाव घालणे. चामरलेणीसारख्या ठिकाणी लोकांची श्रद्धा आहे. हे कातळ सोडून द्यायचे.

चांगल्या सरावाच्या छोट्या जागांची नावे मी इथे मुद्दाम देत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी माणसे अडकून पडतात, हे आपण पाहिले आहे. दहा जणांना पुरणारी जागा शंभर जणांना कळली की ती कुणालाच उरत नाही. गावाशी बोलणे होऊन, नियम ठरून मगच नावे बाहेर यावीत.

इतरांनी काय केले

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची. जगातल्या मोठ्या शिखरांची स्वप्ने पाहणारे विद्यार्थी तिथे आधी तेनसिंग रॉक आणि गोंबू रॉक या रस्त्याकडेच्या दोन दगडांवर चढतात. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्येही हिमनदीवर जाण्याआधी शहराजवळच्या टेखला इथल्या कातळावर वर्ग होतो. दोन्हीकडे क्रम पक्का आहे: आधी लहान दगड, मग डोंगर.

गुजरातकडे सह्याद्रीसारखी कड्यांची श्रीमंती नाही. तरी त्या राज्याने माउंट अबूला आणि जुनागडला प्रस्तरारोहणाचे सरकारी प्रशिक्षण उभे केले आणि अबूच्या ग्रॅनाइटवर महाराष्ट्रातली मुलेही शिकून येतात. आपल्याकडे हे काम मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी, आठवड्याची नोकरी करून रविवारी दोर उचलणाऱ्यांनी केले आहे. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण ठरलेला अभ्यासक्रम आणि ठरलेली जागा नसली की शिक्षण शिकवणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

वेल्समधल्या इडवाल स्लॅब्सचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. तिथल्या ‘होप’ या सोप्या, लांबलचक वाटेची पहिली चढाई १९१५ मध्ये झाली. त्या चमूत आय. ए. रिचर्ड्स होते, तेच समीक्षक, ज्यांच्याशी मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांची ओळख वर्गात होते. शंभरहून अधिक वर्षे ब्रिटनमधली नवशिकी माणसे त्याच वाटेने आपली पहिली मोठी चढाई करत आली आहेत. एक सोपी वाट कित्येक पिढ्यांना पुरते, कारण तिची किंमत तिथल्या गिर्यारोहकांना कळलेली आहे.

महाराष्ट्राला स्पर्धात्मक चढाईही नवी नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी नवी मुंबईत झाली आणि पुढे हा खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये गेला. कृत्रिम भिंती आता अनेक शहरांत आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. पण भिंतीवर रंगीत होल्ड आधीच लावलेले असतात. ते स्वतः शोधायला लावतो तो दगडच.

सोपा कातळ, पूर्ण काळजी

तिरका कातळ सोपा असला तरी आपोआप सुरक्षित होत नाही. उभ्या किंवा पुढे झुकलेल्या भिंतीवरून पडणारा हवेत लटकतो. स्लॅबवरून पडणारा घसरत जातो. गुडघे, तळवे, हनुवटी सोलवटतात आणि मध्ये एखादी पायरी आली तर घोटा मोडतो. म्हणून नवशिक्याने इथे लीड करू नये, म्हणजे दोर खालून घेऊन पुढे चढू नये. दोर वरून हवा, बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, सजग हवा आणि दोरात ढिलाई नको.

दोर ज्याला बांधतात तो वरचा अँकर दोन स्वतंत्र, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या आधारांवर हवा. एका झाडावर किंवा एका जुन्या मेखेवर सगळा भार देणे हा सह्याद्रीतला रूढ झालेला आणि मोडून काढायलाच हवा असा प्रघात आहे. चढाईसाठी ताणला जाणारा डायनॅमिक दोर, उतरण्यासाठी आणि अँकरसाठी स्टॅटिक दोर, हा फरक पहिल्याच दिवशी शिकवावा. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, बकल आणि कॅराबिनरचे कुलूप हात लावून तपासावे. जानेवारी २०२१ मध्ये मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवरून उतरताना दोन गिर्यारोहकांचा जीव गेला. उतरणे हा चढाईचा निम्मा भाग आहे, आणि रॅपलिंगचा सराव वीस मीटरच्या कातळावर जमिनीजवळ पक्का झाल्याशिवाय सुळक्याकडे पाहूही नये.

आपल्या दगडाचे खास धोके वेगळे. धरण्याआधी होल्डवर बोटाच्या पेराने ठोकावे. पोकळ आवाज आला तर तो सोडावा. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनाही हवे, कारण सुटलेला दगड आधी त्यांच्याकडेच येतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळाचा काळा थर चढतो. तो वरून वाळला तरी ओल राहते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. मार्चनंतर काळा दगड दुपारी हात ठेवू देत नाही आणि तापलेले रबर पकड सोडते. आणि आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीत लटकलेली ती काळी पोळी दुर्बिणीतून शोधल्याशिवाय दोर टाकायचा नाही. जवळपास धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर, काहीच चालत नाही. मधमाश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

कातळ रिकामा नसतो

नाशिकचे कडे हे लांब चोचीच्या गिधाडांचे घर आहे. अंजनेरीच्या कड्यांवर ती घरटी करतात. हरसूलकडे खोरीपाड्याला वनविभागाने त्यांच्यासाठी उपाहारगृह चालवले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ही जात संपत आली होती. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. या गिधाडांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला चढाईचा मोसम. घरट्याजवळ माणूस दोरावर लटकला तर पक्षी अंडे सोडून उडतो.

बुटक्या तिरक्या कातळाची बाजू इथेही भक्कम ठरते. गिधाडे उंच, उभे, दुर्गम कडे निवडतात. पायथ्याच्या पंधरा मीटरच्या स्लॅबशी त्यांचा संबंध येत नाही. नव्या मुलांची गर्दी उंच कड्यांवरून खाली आणली तर खेळही वाचतो आणि पक्षीही.

पण तिरक्या कातळाचेही रहिवासी आहेत. अंजनेरीच्या खडकाळ उतारांवर सापडणारे एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये विज्ञानाला नव्याने माहीत झाले. ते अतिशय दुर्मीळ आहे. अंजनेरीचा काही भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, त्यामागे अशाच वनस्पती आणि गिधाडे आहेत. उथळ मातीच्या पट्ट्या, भेगांतले गवत, पावसाळ्यात उगवणारे कंद यांना चढाईपटू ‘कचरा’ समजून खरवडून टाकतात. वाट स्वच्छ करण्याच्या नावाखाली कातळ बोडका करणे थांबवले पाहिजे. पाऊल ठेवायला जेवढी जागा लागते तेवढीच घ्यावी, आणि जिथे वनस्पतीचे जाणकार नको म्हणतील तिथून निघावे.

या कातळांच्या आसपास महादेव कोळी, वारली, कातकरी, ठाकर वस्त्या आहेत. तिथल्या गुराख्याला कुठल्या घळीत पाणी टिकते, कुठल्या कपारीत मोहोळ बसते, हे कुठल्याही पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तरीही चढाईचे वर्ग त्यांच्या गावात होतात आणि त्यांची मुले बाजूला बसून पाहतात. हे मला खटकते. त्या मुलांना पहिला दोर मिळाला पाहिजे. बिले देणारे, अँकर तपासणारे, बचावाला धावणारे पहिले हात तिथलेच असतील तर अपघाताच्या वेळी शहरातून पथक येईपर्यंतचे तास वाचतील.

बोल्ट ठोकावेत का?

या विषयावर गिर्यारोहकांत दोन ठाम मते आहेत. एक बाजू म्हणते, कातळाला भोक पाडू नये. नैसर्गिक भेगा आणि झाडे यांवर भागवावे. दुसरी म्हणते, नवशिक्यांच्या जागी पक्का अँकर नसणे हा गुन्हा आहे. मला वाटते, दोन्हींचा मेळ घालता येतो. चढाईच्या वाटेवर, कातळाच्या पोटात बोल्ट नकोत. स्लॅबवर टॉप रोप, म्हणजे वरून दोर, लावायचा असेल तर त्यांची गरजही नाही. माथ्यावर, कडेपासून मागे, भरीव दगडात प्रत्येक वाटेसाठी दोन चांगले बोल्ट मात्र असावेत. ते स्टेनलेस स्टीलचे आणि यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या १२३ क्रमांकाच्या मानकाचे असावेत, कारण आपला पाऊस साध्या लोखंडाला काही वर्षांत खातो आणि सुळक्यांवरच्या गंजलेल्या मेखा आजही लोकांच्या जिवाशी खेळतात. बोल्ट कुणी, कधी बसवला आणि शेवटचा कधी तपासला, याची नोंद उघडी असावी. नोंद नसलेल्या बोल्टवर भार देऊ नये.

आता काय करावे

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि साधनांचा दर्जा यांवर बोलणे सुरू झाले. त्याच्या पुढचे पाऊल स्थानिक पातळीवर पडायला हवे आणि ते नाशिककर संस्थांच्या आवाक्यात आहे.

पहिले काम यादीचे. एका मोसमात तीन-चार संस्थांनी मिळून जिल्ह्यातले दहा-बारा तिरके कातळ पाहावेत. प्रत्येकाची उंची, कोन, दगडाचा प्रकार, मोहोळ, घरटी, वनस्पती, जवळचे पाणी, जवळचे रुग्णालय आणि जमीन कुणाची, हे नोंदवावे. दुसरे काम बोलण्याचे: वनविभाग, ग्रामपंचायत आणि पक्षी-वनस्पतींचे अभ्यासक यांना बसवून त्यांतले तीन किंवा चार कातळ सरावासाठी निश्चित करावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत. तिसरे काम क्रमाचे. स्लॅब, मग उभा कातळ, मग रॅपलिंग आणि बचाव, मग छोटा रॉक पॅच, आणि त्यानंतरच सुळका. हा क्रम पूर्ण न केलेल्याला कुठल्याही संस्थेने सुळक्यावर नेऊ नये, मग तो कितीही पैसे द्यायला तयार असो. चौथे काम संख्येचे: एका वेळी एका कातळावर दहा-बारा माणसे, दोन किंवा तीन दोर, आणि संगीताचा स्पीकर नाही.

यातल्या कुठल्याच गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागतो तो संयम, आणि माथ्याच्या फोटोशिवाय घालवलेल्या रविवारचे मोल ओळखण्याची तयारी. नाशिकने देशाला चांगले गिर्यारोहक द्यावेत असे आपल्याला वाटत असेल, तर सुळक्यांची मोजदाद थोडी बाजूला ठेवून पंधरा मीटरचे चार कातळ नीट सांभाळावे लागतील. ज्याचे पाय तिथे तयार झाले, त्याला हरिहर, मदन किंवा हडबीची शेंडी दहा वर्षांनीही तशीच उभी सापडेल, आणि तेव्हा तो दोराने ओढला न जाता स्वतःच्या पावलांनी वर जाईल.